फळी वाजत असताना

ते घर आम्ही घेतलं सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर जो तो मलाच विचारायचा, की तुम्हाला दुसरीकडे कुठे जागा मिळाली नाही का. मिळाली असती. पण तळमजला, नळाला दिवसभर पाणी आणि माझं काम चालत जाण्याच्या अंतरावर, असं सगळं जुळून आलेलं घर तेवढं एकच होतं. फक्त त्या अख्ख्या गल्लीत आमच्यातलं एकही कुटुंब नव्हतं.

नणंदेनं फोनवरच गळा काढला. "अगं, तिथे सगळे त्यांच्यातले आहेत!"

"मग? माणसंच आहेत ना?"

"आईला काही झालं तर हाक कुणाला मारशील?"

"रुग्णवाहिकेला. ती धर्म विचारत नाही, पत्ता विचारते."

फोन आपटला तिनं. तिला ती सवयच होती.

सासूबाई सामानाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून आल्या, रस्ताभर त्याला गाडी कशी चालवायची ते सांगत. उतरल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उंबरा केवढा उंच करून ठेवलाय. मला पाडायचा बेत दिसतोय."

"आई, उंबराच नाहीये इथे," हे म्हणाले.

"तेच म्हणते मी! उंबरा नाही, ते काय घर झालं?"

अशा होत्या त्या. चहा केला तर गार, गरम केला तर जीभ भाजली. मला त्याचं काही वाटायचं नाही. पंखा घरघरतो तसं ते मागे चालू असायचं, आणि पंखा बंद पडला की कशी झोपमोड होते, तसं त्या गप्प बसल्या की मला व्हायचं.

मी तेव्हा दातांच्या दवाखान्यात कवळ्या करायची. मेणात दात लावायचे, घासायचे, बसवून बघायचे. रुग्णांच्या तोंडाचं माप घेणंही बऱ्याचदा माझ्याकडेच असायचं, कारण डॉक्टरांचा हात जड होता आणि लोक त्यांना चावायचे. सासूबाईंची कवळी मीच केलेली. वरचा डावा सुळा मुद्दाम थोडा तिरका लावला होता, त्यांचा स्वतःचा होता तसा. "मला नटीसारखे दात नकोत," असं बजावलं होतं त्यांनी, "माझ्यासारखे हवेत."

गल्ली चांगली होती. खोटं कशाला बोलू? समोर बेकरी, तिच्या पलीकडे चपला शिवणारा, कोपऱ्यावर त्यांचं प्रार्थनाघर. सगळ्यांच्या मनगटाला निळा दोरा. त्यावरूनच आम्ही वेगळे दिसायचो. बाजारात पिशवी उचलली की लोकांची नजर आधी मनगटावर जायची, मग चेहऱ्यावर, मग हसायचे. आधी मनगटावर जायची एवढंच.

पहिल्याच दिवशी बेकरीवाली गरम पाव फडक्यात गुंडाळून घेऊन आली. ठेंगणी, हातावर पिठाचे पांढरे डाग, बोलणं भरभर. "काही लागलं तर निःसंकोच हाक मारा. फक्त संध्याकाळी फळी वाजत असते तेवढा वेळ दार लावून घ्या हं."

प्रार्थनाघराच्या गच्चीवर एक लांब लाकडी फळी टांगलेली होती. अंधारून यायला लागलं की एक माणूस वर चढून ती हातोडीनं वाजवायचा. ठक. ठक. ठक. मला वाटलं, आवाजाचा त्रास नको म्हणून सांगतेय. किंवा धुळीचा.

ती वळली आणि सासूबाई म्हणाल्या, "ह्या कोण सांगणार? दिवेलागणीला दार लावून बसायला घरात कुणी मेलंय का?"

आमच्या घरात ती वेळ दार उघडं ठेवायची. आजेसासूबाईंपासूनची सवय. दिवा लावायचा, दार सताड उघडायचं, आल्यागेल्याला बसायला सांगायचं. त्यामुळे फळी वाजायला लागली की गल्लीतली दारं एकामागून एक लागत जायची, कड्या सरकल्याचे आवाज यायचे, मुलं खेळ टाकून आत पळायची, आणि सगळ्या रस्त्यावर एकट्या आमच्या दाराचा उजेड पडलेला असायचा. फळी थांबली की परत सगळी दारं उघडायची. काही घडायचं नाही. मी दोनचारदा दारात उभं राहून पाहिलं. रस्ता मोकळा, एखादी पडलेली चप्पल, बस्स.

मी कामावरून येईपर्यंत बहुतेकदा फळी होऊन जायची. ह्यांची पाण्याच्या पंपावर पाळी असायची, म्हणजे त्या वेळी सासूबाई घरात एकट्याच. एकदा मी आले तर स्टुलावर दोन कप.

"कोण आलं होतं?"

"मैत्रीण."

"तुमची? इथे?"

"का, मला होऊ नये? दारात उभी होती. म्हटलं, ये. आली."

"कुठे राहते?"

"तू काय पोलिसात आहेस? इतक्या दिवसांनी बोलायला कुणी मिळालंय, तर लागलीस चौकशा करायला."

"त्यांच्यातली आहे का?"

सासूबाईंनी थोडा विचार केला. "आपल्यातलीच असावी. बोलते तर अगदी आपल्या घरातल्यासारखी."

मला बरंच वाटलं, खरं सांगते. माणूस दिवसभर भिंतीशी बोलत बसण्यापेक्षा हे चांगलं. मग मैत्रीण रोजच यायला लागली. मी लवकर निघून तिला गाठायचा प्रयत्न केला, तर त्या दिवशी हमखास कुणाची तरी कवळी मोडायची. शेजारी विचारलं, "आमच्याकडे एक बाई येतात, पाहिल्यात का?" तर चपलावाला म्हणाला, "त्या वेळी आम्ही आत असतो." रस्त्यावरचा प्रत्येक जण त्या वेळी आत असायचा.

मग सासूबाई बदलायला लागल्या. एकदम नाही. आधी मीठ जास्त झालं तरी बोलल्या नाहीत. मग एकदा म्हणाल्या, "चहा छान झालाय." मी कप घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि उरलेला चहा स्वतः पिऊन बघितला. नेहमीसारखाच होता.

हे खूश. "बघ, हवा मानवली आईला."

नणंदेचा फोन आला. "आई गोड बोलते गं हल्ली. तुम्ही तिला कसली गोळी देता का?"

"नाही बाई."

"मग मला सांग ना कुठली ती."

हसलो आम्ही दोघी. पण फोन ठेवल्यावर मी बाहेरच्या खोलीत डोकावले, तर सासूबाई खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, कुठेच न बघता, आणि पंखा बंद पडल्यासारखं मला कसंतरी झालं.

माझ्या गोष्टींना चार ठिकाणी फोडणी असते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ह्या गोष्टीला नाही. कुठे द्यायची तेच मला अजून कळलेलं नाही.

तर त्यांची कवळी सैल झाली होती. हिरड्या आटल्या की होते. एका सकाळी मी ती आतून भरून आणायला म्हणून डबीत घालून दवाखान्यात घेऊन गेले. दिवसभर ती माझ्या टेबलावर होती. संध्याकाळी घरी आले, तर स्टुलावर दोन बशा. एकीत चहात कुस्करलेला पाव, अर्धा उरलेला. बरोबर आहे, बोळक्या तोंडानं तसाच खाणार. दुसऱ्या बशीत पावाचा जाड तुकडा, कडकडीत भाजलेला, एकच घास घेतलेला.

घास बघायची मला सवय आहे. लोक चेहरे लक्षात ठेवतात, मी घास ठेवते. तो तुकडा मी दिव्याखाली धरला. वरच्या दातांची कमान, मधली फट, आणि डाव्या बाजूला एक खूण, बाकीच्यांपेक्षा आत वळलेली. तिरका सुळा.

मी पर्समधून डबी काढली. कवळी त्या खुणांवर टेकवली. अशी बसली, जशी साच्यात बसावी.

"आई, हा पाव कुणी खाल्ला?"

"मैत्रिणीनं."

"तिचे दात कसे आहेत हो?"

"आहेत की छान. तुझ्याच हातचे असतील." आणि हसल्या. बोळकं हसू.

ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुला सगळीकडे दातच दिसतात. शिळा पाव असेल, आईनंच आधी कधीतरी चावलेला." असेलही. पण पाव ताजा होता. सकाळचा मीच आणलेला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर जाता जाता बेकरीत शिरले. गिऱ्हाईक नव्हतं. बेकरीवाली ट्रे पुसत होती.

"आमच्याकडे संध्याकाळी एक बाई येतात. फळी वाजत असताना."

तिचा हात थांबला. "तुम्ही दार उघडता?"

"उघडंच असतं. आमच्यात तसंच असतं."

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

"मला वाटलं, धुळीसाठी."

ती हसली नाही. मीही हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

"कोण असतं ते?" मी विचारलं.

"आम्हाला कसं माहीत असणार? आम्ही दार लावलेलं असतं."

"मग लावता कशासाठी?"

"तुम्ही उघडं कशासाठी ठेवता?"

तिच्या आईनं लावलं, तिच्या आजीनं लावलं. माझ्या सासूनं उघडलं, तिच्या सासूनं उघडलं. शेवटी ती माझा हात धरून म्हणाली, "ताई, आज लावून घ्या. तुमच्या सासूबाई आत आहेत ना, ह्याची आधी खात्री करा आणि मग लावा."

त्या दिवशी मी डॉक्टरांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि उजेड असतानाच घरी आले. सासूबाई खुर्चीत होत्या. कवळी त्यांना सकाळीच बसवून दिली होती. मी घरभर फिरले, मोरीत बघितलं, मागचं दार बघितलं. त्या आत होत्या. खात्री करायची म्हणजे अजून काय करायचं असतं?

"आई, आज दार लावते हं मी." आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी मान खाली घालूनच उभी.

"लाव गं. तुला योग्य वाटेल तसं कर."

फळी सुरू झाली. ठक. गल्लीच्या टोकाचं दार लागलं. ठक. चपलावाल्याचं. ठक. समोर बेकरीचं शटर खाली आलं. मी आमचं दार लावलं आणि वरचा बोल्ट सरकवला. तो गंजलेला होता, कधी लावलाच नव्हता.

आणि फळीच्या दोन ठोक्यांच्या मध्ये तिसरा आवाज आला. आमच्या दारावर.

मी हलले नाही.

"अगं ए! दार लावून काय बसलीस?"

सासूबाईंचा आवाज. बाहेरून.

"दिवेलागणीची वेळ, आणि दार बंद! गुडघ्यांचे इथे हाल चाललेत, आणि ही आत आराम करतेय. कुणी शिकवलं हे तुला? त्या पाववालीनं?"

मी मागे वळून बघितलं. सासूबाई खुर्चीत होत्या. हात मांडीवर. ओठ मिटलेले.

"आई, ऐकलंत?"

"काय गं?"

"बाहेर कुणीतरी आहे."

"नसेल कुणी. तू बस जरा. थकली असशील."

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती. मी थकले असेन, हे त्या घरात कुणी बोललेलं मला आठवत नाही. डोळ्यांत पाणीच आलं. आणि पाणी आलं म्हणूनच मी मागे सरून दाराला पाठ टेकली.

बाहेरून दारावर थाप बसली. "आणि ती कवळी! डाव्या कोपऱ्यात टोचतेय अजून. सांगून सांगून तोंड दुखलं माझं. दुनियेच्या कवळ्या करते, घरच्या माणसाकडे बघायला वेळ नाही!"

मी खुर्चीकडे बघून विचारलं, "आई, कवळी टोचतेय का?"

"नाही गं. अगदी छान केलीस."

फळीचे ठोके लांबत चालले होते. थांबायच्या आधी ते तसे लांबतात.

ठक.

"सूनबाई," बाहेरचा आवाज एकदम लहान झाला. "मी किती वेळ उभी राहू?"

"राहू दे," खुर्चीतून आवाज आला. मायेनं भरलेला. "उघडू नकोस, बाळ."

बाळ.

मी बोल्ट काढला.

कुणीतरी माझ्या अंगावरून आत आलं. खांद्यावर हात टेकला, पूर्ण भार टाकून, गुडघे दुखणारी माणसं टाकतात तसा. हात गरम होता. चपला फरफटल्या. मी दाराकडे तोंड करूनच उभी राहिले. वळले नाही, वळवलंच नाही. मागे खुर्ची करकरली.

ठक.

मग फळी थांबली. समोरचं शटर वर गेलं, मुलं ओरडत बाहेर आली.

मी वळले. खुर्चीत एकच सासूबाई होत्या. गुडघा चोळत.

"पुतळा झालाय का तुझा? पाणी तरी देशील की नाही?"

मी पाणी दिलं. "केवढं हे गार," त्या म्हणाल्या, आणि मला इतका आनंद झाला की मी मोरीत जाऊन तोंडावर पदर दाबून रडले.

ह्यांना मी काय सांगणार? म्हटलं, आई परत पहिल्यासारख्या झाल्या. ते म्हणाले, "अरे देवा."

त्या घरात मग त्यांनी आम्हाला टिकू दिलं नाही. भिंतींना ओल, शेजार परका, पाव कच्चा. शेवटी आमच्यातल्या वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर, खोल्या घेतल्या. रोज जिना चढताना त्या मला, जिन्याला आणि जिना बांधणाऱ्याला बोल लावायच्या. मी त्यांच्यावर नजर ठेवून होते, लपवत नाही. नणंदेच्या बारशाला काय झालं होतं, आजेसासऱ्यांना कुठल्या कानानं ऐकू यायचं नाही, सगळं खोदून खोदून विचारलं. सगळं बरोबर सांगितलं, वर "तुला काय करायचंय?" हेही. एक अक्षर चुकलं नाही. मी हळूहळू विचारायचं सोडून दिलं.

मग एकदा दवाखान्यात बेकरीवाली आली. खालचे दात गेले होते, कवळी करायची होती. मला बघून तिला भरूनच आलं. गळ्यात पडली, पिठाचा वास आला. मी तिला खुर्चीत बसवलं, गळ्याशी फडकं बांधलं आणि मापाचा लगदा कालवायला घेतला.

"काय म्हणते गल्ली?"

"आहे तशीच. मीच बदलले थोडी." ती लाजल्यासारखी हसली. "फळी वाजताना दार नाही हो उघडत. पण आता दाराआडून दोन शब्द बोलते. कुणी उभं असतं, आणि आपण आत गप्प बसायचं, हे तुमच्याकडे बघितल्यापासून जिवाला बरं वाटेना."

"कुणाशी बोलता?"

"तुमच्या सासूबाईंशी."

लगदा घट्ट व्हायला लागला की थांबता येत नाही. मी साचा भरला, तिनं सवयीनं तोंड उघडलं, मी तो आत बसवला आणि दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून धरला. आता तिला बोलता येणार नव्हतं. मला विचारता येत होतं, पण विचारू काय?

तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून आवाज आला. सासूबाई आल्या होत्या. त्यांची कवळी परत टोचत होती, त्या दिवशी मीच बोलावलं होतं त्यांना. शेजारच्या कुठल्याशा माणसाला सांगत होत्या, की इथला पंखा नुसता शोभेचा आहे आणि माझी सून आत काय करते देव जाणे.

बेकरीवालीचे डोळे दाराकडे गेले. मग माझ्याकडे आले. ते माझ्यावरून हललेच नाहीत.

लगदा घट्ट झाला. मी साचा काढला. तिनं चूळ भरली, फडक्यानं ओठ पुसले आणि माझा हात जवळ ओढून अगदी हळू बोलली.

"फार गोड आहेत हो त्या. कधी तक्रार नाही. रोज तुमचीच चौकशी करतात. त्यांनी एक विचारायला सांगितलंय. तुमच्याकडे जी आली, ती नीट राहते ना?"

मी साचा बशीत ठेवला.

"मी त्यांना काय सांगू, ताई?"

बाहेर सासूबाईंचं पंख्यावरून चाललंच होतं. ते वाक्य अर्ध्यावर थांबलं, आणि त्या एकदम गप्प झाल्या.